प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा

बी-लसीकापेशींचा दुर्मिळ आणि झपाट्याने वाढणारा कर्करोग. बहुतांशी एचआयव्हीबाधितांत आढळतो. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत आणि क्वचित एरवी निरोगी असलेल्या वृद्धांतही. देलक्लूझ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. त्यांच्या १६ रुग्णांपैकी १५ जण एचआयव्हीबाधित होते आणि सर्वांच्या गाठी तोंडात होत्या. पुढे तो आतडे, त्वचा व इतरत्रही आढळला.

रुग्ण बहुधा आधी दंतवैद्याकडे जातो. दाढ हलते, हिरडी सुजते. दाढ काढली तर खळगा भरून येत नाही, उलट त्यातून मऊ मांस वर येऊ लागते. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखात संशय आधी नेहमीच्या मुखकर्करोगावर जातो. ते साहजिकही आहे. मात्र तुकडा तपासायला पाठवण्यात दिरंगाई परवडत नाही.

सूक्ष्मदर्शकाखालीही हा रोग चकवतो. प्रतिपिंडे तयार करणारी प्लाझ्मापेशी होण्याच्या वाटेवर असतानाच बी-पेशी बिघडते आणि तोवर तिने सीडी२० ही बी-पेशींची नेहमीची खूण टाकून दिलेली असते. सीडी१३८, सीडी३८ व एमयूएम१ या खुणा मात्र दिसतात. विभाजन पावणाऱ्या पेशींचे प्रमाण दाखवणारा केआय-६७ पुष्कळदा ९० टक्क्यांवर असतो. सुमारे ७० टक्के गाठींत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो, निम्म्यांच्या आसपास एमवायसी जनुकाची फेरजुळणी. प्लाझ्मापेशींचा कर्करोग असलेला मायलोमाही असाच दिसू शकतो. एपस्टाइन-बार विषाणूची खूण आणि एचआयव्ही असल्यास कौल लिम्फोमाकडे झुकतो. काहींना एचआयव्ही असल्याचे या गाठीमुळेच प्रथम कळते. म्हणून हे निदान झाले की एचआयव्हीची चाचणी करायलाच हवी.

सीडी२० नसल्याने त्यावरच नेम धरणारे रिटुक्सिमॅब इथे निरुपयोगी. नेहमीची ‘चॉप’ केमो अपुरी मानली जाते. त्याऐवजी ९६ तास सलाइनवाटे चालणारी ‘ईपॉक’ दिली जाते, कधी मायलोमासाठीच्या बोर्टेझोमिबची जोड देऊन. एचआयव्हीवरील उपचार (एआरटी) थांबवायचे नसतात, पण औषधे निवडून घ्यावी लागतात: झिडोव्हुडिन अस्थिमज्जा दाबते, तर रिटोनाव्हिरमुळे व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचून हातापायांना मुंग्या, बधिरता येते. सरकारी केंद्रांतून मोफत मिळणारी डोल्युटेग्राव्हिरची गोळी केमोशी बरीच जुळते. जुन्या अहवालांत निम्मे रुग्ण वर्ष-सव्वा वर्षातच दगावलेले दिसतात.