रिकामी टाकी

गेल्या महिन्यात पुण्याला आत्येभावाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. तो रॅलीच्या गाड्या तयार करतो. सोबत अण्णा (माझे चुलते) होते. गाडीच्या मागच्या भागात एक काळा चौकोनी डबा बसवणं चाललं होतं. अण्णांनी त्यावर बोटानं टकटक केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रिकामी आहे का भरलेली?"

आत्येभाऊ हसला. मला मात्र हसू आलं नाही.

मी चौथीत असतानाची गोष्ट. राहूला आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली डिस्पोजलची जीप होती. उसाच्या फडापासून गुऱ्हाळापर्यंत सगळीकडे तीच. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलायची आणि पेट्रोल ओतायचं! ती गळायला लागली म्हणून अण्णांनी टाकी काढली, उपडी करून निथळली, दिवसभर उन्हात ठेवली आणि संध्याकाळी झाळायला घेतली. रिकामीच तर होती...

आवाज नदीपर्यंत गेला म्हणतात. अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डाव्या कानानं आजही कमी ऐकू येतं.

पेट्रोल जळतं ते त्याच्या वाफेच्या रूपात. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरपूर. जाणता कारागीर आधी टाकी वाफेपासून पूर्ण साफ करतो, नाहीतर काठोकाठ पाणी भरतो, हे आम्हाला नंतर कळलं.

तर त्या काळ्या डब्याला 'फ्युएल सेल' म्हणतात. घरी आल्यावर त्याचा इतिहास वाचत बसलो. सुरुवात विमानांपासून आहे. महायुद्धात लढाऊ विमानांच्या टाक्यांना रबराचे थर देत. गोळी आरपार गेली की आतलं कच्चं रबर पेट्रोलनं फुगायचं आणि भोक बुजायचं. पुढे व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्या हेलिकॉप्टरांमधली, आदळण्यातून वाचू शकली असती अशी माणसंही आगीनं दगावतात हे लक्षात आलं, आणि १९७० पासून अमेरिकी लष्कराच्या नव्या हेलिकॉप्टरांत न फाटणाऱ्या टाक्या आल्या.

शर्यतींना मात्र १९६४ साल उजाडावं लागलं. २४ मे रोजी शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स होरपळला आणि २ जुलैला गेला. ३० मे रोजी इंडियानापोलिसला दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स आगीत गेले. दोघांच्याही गाड्यांत पेट्रोल होतं. त्यानंतर रबरी पिशवीच्या टाक्या शर्यतीत रुजल्या. फॉर्म्युला वनमध्ये त्या १९७० साली सक्तीच्या झाल्या.

आत्येभावानं टाकी उघडून दाखवली. बाहेर पत्र्याची पेटी, आत कापडावर रबर चढवलेली जाड पिशवी, आणि पिशवीत चक्क स्पंज! या स्पंजमुळे पेट्रोल हिंदकळत नाही, आणि वाफेनं पेट घेतलाच तर ज्वाळा पसरायला मोकळी जागा मिळत नाही. म्हणजे अण्णांच्या टाकीत जे झालं, त्यावरच हा उपाय.

बसवतानाही बरीच पथ्यं आहेत. टाकी आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये अखंड पत्र्याची भिंत हवी. वरच्या झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे आवळत. हवेच्या नळीला असा व्हॉल्व्ह, की गाडी उलटली तरी पेट्रोल बाहेर येणार नाही. २०२० साली बहारीनला रोमां ग्रोजांची गाडी रेलिंगवर आदळून दोन तुकडे झाली. तेव्हा टाकीचं तपासणीचं झाकण निखळलं होतं आणि इंजिनाकडे जाणारी जोडणी पिशवीतून उपटली गेली होती. घात बहुतेकदा असा सांध्यात असतो.

आणि पिशवीलाही वय असतं. एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमानं उत्पादनाच्या तारखेपासून पाच वर्षं. मग कंपनीनं तपासून दिली तर आणखी दोन, बस. स्पंज तर आधीही झिजतो, त्याचा भुगा फिल्टरमध्ये अडकतो. पेट्रोलमध्ये अल्कोहोल असेल तर जास्तच लवकर, म्हणून शर्यतीचा हंगाम संपला की टाकी रिकामी करायची.

इथं अण्णांनी मान वर केली. "अल्कोहोल म्हणजे आपल्या उसाचंच ना?"

खरंच की! २०२५ सालापर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्यातलं काही उसाचं. म्हणजे आमच्या राहूबेटातला ऊसही कुठून कुठून फिरून या डब्यापर्यंत पोचत असेल.

निघताना अण्णांनी टाकीवरची तारीख चष्मा लावून वाचली. मग जुने डाग असलेला हात झाकणावर ठेवून आत्येभावाला म्हणाले, "पाच वर्षं झाली की काढून टाक. पैशाकडं बघू नको."

इतक्या वर्षांत त्या संध्याकाळबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. त्या दिवशीही एवढंच.