योशिनो

योशिनो : चेरीच्या बहरासाठी जपानभर नावाजलेला डोंगर व तीर्थक्षेत्र. होन्शू बेटावरील नारा प्रांतात, योशिनो नदीच्या दक्षिणेस हा डोंगर असून त्याच्यापुढे ओमिने पर्वतरांग सुरू होते. उतारांवर चेरीची (जपानी नाव साकुरा) सुमारे ३०,००० झाडे आहेत. १९३६ साली स्थापन झालेल्या योशिनो-कुमानो राष्ट्रीय उद्यानात या भागाचा समावेश होतो. की पर्वतातील पवित्र स्थळे व यात्रामार्ग यांना युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातही योशिनो आहे.

ही झाडे कुणा राजाने बागेची हौस म्हणून लावलेली नाहीत. शुगेंदो या पर्वतीय तपश्चर्येच्या पंथाचा मूळपुरुष एन नो ग्योजा याला सातव्या शतकात येथे झाओ गोंगेन या उग्र देवतेने दर्शन दिले आणि त्याने तिची मूर्ती चेरीच्या लाकडात कोरली, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून चेरी हा देवाचा वृक्ष ठरला आणि भाविक देवाला चेरीची रोपे वाहू लागले. शेकडो वर्षांच्या या वाहण्यातून डोंगर भरला. एक फांदी तोडली तर एक बोट जाईल, असा धाक पूर्वी येथे होता असे सांगतात.

येथील बहुतेक झाडे यामाझाकुरा, म्हणजे रानचेरीची आहेत. शहरांतल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या सोमेई-योशिनो या जातीच्या नावात योशिनो असले, तरी ती या डोंगरावरची नव्हे. ती एदोजवळच्या (आजच्या तोक्योतील) सोमेई गावच्या माळ्यांनी विकायला आणली आणि खपावी म्हणून तिला योशिनोचे नाव दिले. कलमांवर वाढवलेली ती झाडे सारखीच दिसतात आणि एकदमच फुलतात. रानचेरी बियांपासून येते, म्हणून दोन झाडे तंतोतंत सारखी नसतात. फांदी जवळून पाहावी : पाच पाकळ्यांच्या पांढुरक्या फुलांबरोबरच कोवळी पालवी फुटलेली असते, आणि ती आंब्याच्या पालवीसारखी तांबूस. कुठे ही पालवी तपकिरी, कुठे पिवळसर हिरवी. लांबून डोंगरावर पांढऱ्या-गुलाबी रंगाच्या ज्या अनेक छटा दिसतात, त्यांत फुलांइतकाच या पालवीचा वाटा आहे. (पेटीतून येणारी खायची चेरी ती ही नव्हे, या झाडाची फळे बारीक व कडसर असतात.)

उंचीप्रमाणे डोंगराचे चार टप्पे मानतात : शिमो, नाका, कामी व ओकु सेन्बोन, म्हणजे खालची, मधली, वरची आणि आतली ‘हजार झाडे’. एप्रिलच्या आरंभी पायथा फुलतो आणि थंडी मागे हटेल तसा बहर वर चढत जातो. ओकु सेन्बोनला तो महिनाअखेरीपर्यंतही सापडतो. त्यामुळे आठवडाभर मागेपुढे पोहोचलेला प्रवासी सहसा रिकाम्या हाती परतत नाही. एकच दिवस हाताशी असेल, तर पायथ्याच्या गर्दीत न रेंगाळता कामी सेन्बोनमधील हानायागुरा गाठावे. तेथून फुललेले उतार, गावाची एकच लांबट ओळ आणि तिच्यावर उठून दिसणारे झाओदोचे छप्पर एका नजरेत येते. योशिनोचे याहून चांगले दर्शन दुसरीकडून होत नाही.

झाओदो हा किंपुसेन्जी मंदिराचा मुख्य मंडप. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधलेली ही लाकडी वास्तू सुमारे ३४ मी. उंच आहे. अनेक खांब झाडाचा मूळ आकार तसाच ठेवून उभे केले आहेत. आत झाओ गोंगेनच्या सुमारे ७ मी. उंचीच्या तीन निळ्या मूर्ती आहेत. चेहरा क्रुद्ध, एक पाय उचललेला. एरवी त्या पडद्याआड असतात, ठरावीक काळातच दर्शन खुले होते. एप्रिलमध्ये येथे बहर आल्याची वार्ता देवाला कळवण्याचा उत्सव होतो आणि मिरवणूक निघते.

सत्ता गमावलेल्यांना या डोंगराने वेळोवेळी आसरा दिला. ११८५ मध्ये भावाच्या रोषातून पळालेला योद्धा योशित्सुने येथे लपला होता. १३३६ मध्ये क्योतो सोडून आलेल्या सम्राट गो-दाइगोने येथेच आपला दक्षिणी दरबार मांडला. १३३९ मध्ये तो येथेच वारला. न्योइरिन्जी मंदिरामागील त्याची समाधी रूढीप्रमाणे दक्षिणेकडे न करता उत्तरेकडे, क्योतोच्या दिशेने तोंड करून आहे. १५९४ मध्ये मात्र जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी सुमारे ५,००० माणसांचा लवाजमा घेऊन फुले पाहायला आला आणि तीन दिवस पाऊस लागला, अशी आख्यायिका आहे. या सगळ्या थाटापेक्षा ओकु सेन्बोनमधील कवी साइग्योची (१११८–११९०) झोपडी मनात अधिक राहते. मूळ झोपडी अर्थात उरलेली नाही, पण त्याच जागी उभारलेली इवलीशी खोपी पाहून, फुलांसाठी माणूस किती थोडक्यात राहू शकतो ते कळते. कवी बाशोही त्याच्या ओढीने येथे आला होता.

येथील कुझू प्रसिद्ध आहे. कुझू वेलीची मुळे कुटून, थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन खाली बसलेले हे पांढरेशुभ्र सत्त्व तवकिराच्या जातीचे. ते शिजवून त्याच्या पारदर्शक पट्ट्या कापतात व काळ्या साखरेच्या पाकात खातात. त्या थोड्याच वेळात धुरकट होतात, म्हणून समोर येताच खाव्यात.

ओसाकाच्या आबेनोबाशी स्थानकावरून किंतेत्सु रेल्वेच्या जलद गाडीने योशिनोला सुमारे सव्वा तास लागतो. पुढे १९२९ पासूनचा रोपवे, बस किंवा पायवाट. चढ आहे, पण पायी जावे, म्हणजे बहराचे टप्पे बदलताना दिसतात. चेरीच्या जखमेत कुज लवकर शिरते आणि मुळे तुडवली गेल्याने झाड खंगते. छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये आणि पायवाट सोडून बुंध्याशी जाऊ नये.