घर विकताना मधला माणूस



घर विकायचे झाले तर स्वतः गिऱ्हाईक शोधून विकावे की दलालामार्फत विकावे, हा प्रश्न आमच्या युनियनच्या कचेरीत निवृत्तीला आलेला कामगार हटकून विचारतो. शेकडा दोन दलाली धरली तर चाळीस लाखांच्या घरामागे ८०,००० रुपये जातात. एवढी रक्कम शिल्लक टाकायला त्याला कितीतरी वर्षे लागलेली असतात, तेव्हा प्रश्न क्षुल्लक नाही. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे; जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तथापि या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे गेले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे, आणि तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

घर आणि जमीन यांचा व्यवहार आपल्याकडे दोघांतच कधी झाला नाही. मराठेशाहीत मिरास जमीन विकायची तर पाटील, कुलकर्णी, शेजारी आणि बलुतेदार यांच्या साक्षीने कागद होई. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगराची. पेशव्यांच्या पुण्यात कोतवालाच्या कामांत बाजारभावावर देखरेख होती, तशीच घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवण्याचेही काम होते. म्हणजे मधला माणूस तेव्हाही होता. मात्र तो एकटा नव्हता, आणि जे काही चाले ते चारचौघांदेखत चाले. त्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गात नाही. ज्याला गावात मिरासच नव्हती, ज्याला वेशीबाहेर ठेवले होते, त्याच्या वाट्याला ती साक्ष किती आली हे आपण सारे जाणतो. परंतु विकणारा, घेणारा आणि पाहणारे अशी तीन अंगे व्यवहाराला होती, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, ती गाव मागे ठेवून आली. गावकऱ्यांच्या मंडळाने घेतलेल्या खोलीत पथारीपुरती जागा मिळे. परंतु स्वतःच्या नावावर खोली हवी तर ओळखीचे गोत तेथे नव्हते. कोणती खोली रिकामी होणार, घरमालक काय मागतो, शेजार कसा आहे, ही बातमी ज्याच्याजवळ तो दलाल. शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी वाट दाखविणे हा अर्थ आहे. नवख्या माणसाला वाट दाखविणारा लागतोच. यात गैर काहीच नव्हते.

गैर शिरले ते पुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जागांची टंचाई झाली. सरकारने १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि सप्टेंबर १९४० मधील भाडे आधाराला धरून भाडी गोठविली. याच कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरला, घरमालकाला आणि जागा सोडून देणाऱ्या भाडेकरूलाही. हेतू चांगला होता. या कायद्याने लाखो गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, हे आम्ही कामगार कधी विसरणार नाही. परंतु पागडी थांबली नाही, ती फक्त दाराआड गेली. भाडेकरूने खोली सोडायची, घेणाऱ्याने रोख रक्कम मोजायची, त्यातला एक वाटा घरमालकाने घ्यायचा आणि भाडेपावती नव्या नावावर करून द्यायची, अशी रीत पडली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्यास मुभा दिली. तो कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मधली पन्नासएक वर्षे मात्र हा सारा व्यवहार काळोखात चालला, आणि काळोखात कंदील ज्याच्या हाती असतो तो म्हणेल ती वाट धरावी लागते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे वडील होते. पुन्हा त्यांच्या खात्याचा भोंगा झालाच नाही. सहा वर्षे कशीबशी काढून १९८८ साली त्यांनी लालबागची दहा बाय बाराची खोली काढली. दलाल ओळखीचा, रोज नाक्यावर चहा पिणारा. वडिलांच्या हाती ६०,००० रुपये आले. वर्षभराने घेणारा गृहस्थ सहज बोलून गेला की घरमालकाचा वाटा सोडून त्याने ८०,००० मोजले होते. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे, रक्त तापलेले. वडिलांनी आम्हांला खाली बसविले आणि म्हणाले, "तक्रार कोणाकडे करणार, बाबा? गुन्ह्यात आपणही होतो."

या एका वाक्याने आम्हांला पुष्कळ शिकविले. त्या दलालाने लबाडी केली हे खरेच. परंतु ती करता आली, कारण वडिलांना भाव ठाऊक नव्हता, घेणारा त्यांच्यासमोर बसला नव्हता आणि दाद मागण्यास जागा नव्हती.

तर मग दलाल नकोच, असे म्हणावे काय? पुष्कळ वर्षे आम्ही तसेच म्हणत होतो. पुढे आमच्या कारखान्यातील एका सोबत्याने दलाली वाचविण्यासाठी डोंबिवलीकडचे घर परस्पर विकले. घेणारा त्याच्याच गावचा. साध्या मुद्रांकावर करारनामा, नोटरीचा शिक्का, जोडीला मुखत्यारपत्र आणि अर्धी रक्कम रोख, एवढ्यावर किल्ली दिली. उरलेल्या अर्ध्या रकमेसाठी तो चार वर्षे हेलपाटे घालीत होता. दलालीचे पैसे वाचले आणि घराचे अडकले. वास्तविक १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांप्रमाणे अशी विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी लागते. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट सांगितले. आमच्या सोबत्याला हे सांगणारे कोणी भेटले नाही. एखाद्या जाणत्या, सचोटीच्या दलालाने त्याला आधी वकिलाकडे आणि मग नोंदणी कचेरीत नेले असते.

येथे आम्हांला गिरणीतला जॉबर आठवतो. तो श्रमाचा दलालच होता. खात्यात जागा आहे की नाही हे त्यालाच ठाऊक. कामाला लागायचे तर त्याला दस्तुरी द्यायची. कामगार एकेकटा फाटकावर जाऊन जॉबरचे वजन घटले नाही. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना महिन्याच्या आरंभी कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, पुढे नोंदणीची व्यवस्था वाढली, आणि त्याच्या बरोबरीने संघटना उभ्या राहिल्या. जी बातमी एकाच्या खिशात होती ती कागदावर आली. जॉबर त्यानंतरही राहिला, परंतु पूर्वीचा दरारा राहिला नाही.

घराच्या बाबतीतही हेच घडू शकते, आणि थोडेफार घडलेही आहे. सरकारचा बाजारमूल्याचा दरतक्ता कोणालाही पाहता येतो. आपल्याच इमारतीतील घर गेल्या वर्षी कितीला नोंदले गेले हे सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, त्यावरून कळते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांनाही नोंदणी लावली. मात्र तिचा रोख मुख्यतः नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीवर आहे. जुनी खोली किंवा जुना फ्लॅट विकणाऱ्याने त्या कायद्याच्या भरवशावर डोळे मिटून बसू नये.

म्हणून दलाल कोणत्या कामाचे पैसे घेतो, हे आधी मोजावे. गिऱ्हाईक आणणे, भाव सांगणे, कागद पुरे करविणे आणि घासाघीस चालू असता मध्ये बसणे, ही त्याची चार कामे. ज्याला गिऱ्हाईक माहीत आहे, भाव ठाऊक आहे आणि कागदांसाठी चांगला वकील आहे, त्याने घर खुशाल स्वतः विकावे. ज्याला हे जमत नाही, जो आजारी आहे, परगावी आहे, जी बाई एकटी आहे, त्यांनी दलाल घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र दलाली किती आणि ती कोणाकोणाकडून घेणार, हे आधी लिहून घ्यावे. घेणाऱ्याला समोरासमोर बसवून आकडा त्याच्या तोंडून ऐकावा. आणि पैसे बँकेतून घ्यावेत.

शेवटी एक कबुली. आम्ही संघटनावाल्यांनी पगारवाढीसाठी, बोनससाठी जिवाचे रान केले. पण आमचा माणूस आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा करायला बसला तेव्हा त्याच्या शेजारी आमच्यापैकी कोणी नव्हते. गिरणगावातल्या किती खोल्या अशा एकेकट्याने विकल्या गेल्या असतील! आता आमच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी दोघे जण बसतात. विकणारा कागद घेऊन येतो. आम्ही इंडेक्स टू काढून देतो, वकिलाचे नाव सुचवितो, आणि त्याने बोलाविले तर सौद्याच्या दिवशी नुसते जाऊन बसतो. पैसे घेत नाही, भाव ठरवीत नाही. पूर्वी पांढरीची माणसे बसत तेवढेच काम. आपापल्या सोसायटीत, वाचनालयात, मंडळात अशी दोन माणसे आपणांसही उभी करता येतील. वडिलांच्या शेजारी त्या दिवशी तशी दोन माणसे असती तर वीस हजार वाचले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांना आयुष्यभर स्वतःला गुन्हेगार समजावे लागले नसते.