एक्स्टेन्शनचे दोन पत्ते

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका लिनक्स संगणकावर पाच-सहा जणांची खाती असतात. ॲडमिन स्वतःच्या खात्यात शिरून ग्नोम डेस्कटॉपवर एखादे एक्स्टेन्शन बसवतो. ते कायम दिसणारी ॲप्सची पट्टी देणारे असेल किंवा कॉपी केलेला मजकूर साठवून ठेवणारे असेल. त्याच्यापुढे ते झकास चालते, पण दुसऱ्या कोणी लॉगिन केले की त्याचा मागमूसही नसतो. मग तीच आज्ञा 'सुडो' लावून पुन्हा दिली जाते, आज्ञा विनातक्रार पार पडते आणि तरीही इतरांच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. इथे पुष्कळ जण लिनक्सच्या नावाने बोटे मोडून मोकळे होतात. माझे म्हणणे असे की या अडचणीत यंत्राचा लहरीपणा अजिबात नाही. वस्तू यंत्रावर ठेवणे आणि ती आपल्यासाठी चालू करणे ही दोन कामे निरनिराळ्या हातांत असावीत, असा एक नियम गेल्या साठ वर्षांत घडत आला आहे, आणि ही अडचण म्हणजे त्या नियमाचेच दर्शन आहे. नियमाचे कूळ कळले की दुरुस्ती कुठे करायची तेही कळते.

त्या कुळाचा आरंभ 1961 सालचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर महिन्यात सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच महागड्या संगणकावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की कोणाच्या फायली कोणी पाहायच्या? खाते, पासवर्ड आणि स्वतःच्या फायलींचा स्वतंत्र कप्पा ही व्यवस्था त्यातून आली. पुढे मल्टिक्स हा फार मोठा प्रकल्प सुरू झाला. बेल लॅब्सने 1969मध्ये त्यातून अंग काढून घेतले, पण तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मल्टिक्सचा अनुभव सोबत घेऊन छोट्या पीडीपी-7 यंत्रावर युनिक्स उभे केले; त्याच्याच धर्तीवर पुढे लिनक्स घडले. युनिक्सची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर 1971ची. तेव्हाही प्रत्येक फाइलला मालक होता, आणि मालकाला काय करता येईल व इतरांना काय, याच्या परवानग्या वेगळ्या लिहिलेल्या होत्या.

त्या काळात माणसांच्या खासगी डिरेक्टरी 'यूएसआर' या शाखेखाली राहत आणि ही शाखा वेगळ्या डिस्कवर असे. मूळ डिस्क अपुरी पडू लागली तेव्हा प्रणालीचे प्रोग्राम या दुसऱ्या डिस्कवर सरकले. कालांतराने माणसेच तिथून उठली आणि 'होम' नावाच्या निराळ्या शाखेत राहायला गेली. आज ज्या यूएसआर शाखेत सर्वांसाठीचे सामायिक सामान असते, ती अशी मुळात लोकांची खासगी जागा होती. मला ही घटना महत्त्वाची वाटते, कारण 'माझे' आणि 'सर्वांचे' यांच्यामधली रेघ कोणी एका बैठकीत आखली नाही, हे तिच्यातून दिसते. डिस्कच्या आकाराने रेघ सरकली, पण दोन्हींमध्ये रेघ हवी या तत्त्वाला कोणी हात लावला नाही.

दुसरा धागा लपलेल्या फायलींचा. त्याही कुळात डिस्कइतकाच योगायोग आहे. बेल लॅब्समधल्या रॉब पाइक यांनी 2012मध्ये याची हकिगत लिहिली. फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने 'ही डिरेक्टरी' आणि 'वरची डिरेक्टरी' या अर्थाच्या टिंबांच्या दोन नोंदी वगळाव्यात, एवढाच मूळ हेतू होता. तपासणी मात्र घाईने लिहिली गेली, आणि नावातले पहिलेच अक्षर टिंब असले की ती नोंद वगळली जाऊ लागली. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल आपोआप अदृश्य झाली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ही सोय फारच आवडली आणि जो तो आपापल्या सेटिंग्ज माणसाच्या होममध्ये टिंब लावून ठेवू लागला. आजच्या ॲडमिनचा अर्धा गोंधळ इथून सुरू होतो: एक्स्टेन्शन ज्या जागी बसले आहे ती जागा साध्या यादीत दिसतच नाही.

नव्वदच्या दशकात केडीई आणि ग्नोम हे दोन मोठे डेस्कटॉप आले, आणि प्रत्येकाच्या होममध्ये अशा फायलींचे रान माजले. 2000 साली हॅवक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा समाईक मंच सुरू केला. कोणती फाइल कुठे ठेवायची याचे टिपण तिथून 2003मध्ये आले. त्याचे नाव एक्सडीजी बेस डिरेक्टरी. टिपण छोटे आहे, पण सध्याच्या प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपचा पाया त्यात आहे. माणसाची खासगी सामग्री त्याच्या होममधल्या डॉट-लोकल फोल्डरच्या 'शेअर' भागात. सर्वांची सामग्री यूएसआर शाखेच्या 'शेअर' भागात. आणि एकच वस्तू दोन्हीकडे सापडली तर खासगी प्रत आधी. एक्स्टेन्शनला दोन पत्ते मिळाले ते इथे. शेवटच्या नियमाचा परिणाम पुढे येणारच आहे.

ग्नोम 3.0 एप्रिल 2011मध्ये आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राउझरमधून एका टिचकीसरशी एक्स्टेन्शन बसवण्याची सोय निघाली. ही टिचकी कोणत्या पत्त्यावर जाणार? ती खासगी पत्त्यावरच जाते, आणि तेच योग्य आहे असे मी ठामपणे म्हणेन. ग्नोमचे एक्स्टेन्शन म्हणजे थेट शेलच्या, म्हणजे डेस्कटॉपचा पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात चालणारा जावास्क्रिप्ट कोड. शेल आणि एक्स्टेन्शन यांच्यात भिंत नसते; पडद्यावर जे दिसते आणि कळफलकावर जे दाबले जाते, त्याच्यापर्यंत या कोडचा हात पोहोचू शकतो. एका माणसाच्या टिचकीने असा कोड सगळ्यांच्या सत्रात शिरू लागला, तर वेगवेगळे पासवर्ड ठेवण्याला काही अर्थच उरणार नाही.

आता सुडोचा फसलेला प्रयोग. सुडो ही आज्ञा 1980च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. ती काही क्षणांसाठी दुसऱ्याचा, बहुधा रूट या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार देते. एक्स्टेन्शन बसवण्याची ग्नोमची आज्ञा 'आज्ञा देणाऱ्याच्या होममध्ये बसव' एवढेच जाणते. म्हणून सुडो लावल्यावर एक्स्टेन्शन जाते ते बहुतेक लिनक्सवर रूटच्या होममध्ये, आणि रूट म्हणून तर कोणी डेस्कटॉप उघडत नाही. अधिकार वाढला तरी पत्ता सर्वांचा होत नाही. सर्वांसाठी बसवायचे तर एक्स्टेन्शनचे फोल्डर यूएसआर शाखेतल्या ग्नोम-शेलच्या एक्स्टेन्शन्स विभागात ठेवावे लागते. त्या फोल्डरचे नाव आतल्या मेटाडेटा फाइलमधल्या ओळखनामाशी अक्षरशः जुळले पाहिजे. होममधून उचललेल्या फायली अनेकदा फक्त मालकालाच वाचता येतील अशा परवानग्या घेऊन येतात, म्हणून त्या इतरांना वाचता येतात का तेही पाहावे लागते. डिस्ट्रोने, म्हणजे आपण वापरतो त्या लिनक्सच्या वितरणाने, त्या एक्स्टेन्शनचे पॅकेज दिले असेल तर तेच बसवावे, कारण त्यात या गोष्टी आधीच सांभाळलेल्या असतात. पडदा रेखाटणाऱ्या वेलँड या व्यवस्थेवर शेल एकटे पुन्हा सुरू करता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला एकदा लॉगआउट करावेच लागते.

इतके करूनही एक्स्टेन्शन सर्वांना 'उपलब्ध' होते, 'चालू' होत नाही. कोणती एक्स्टेन्शन्स चालू आहेत याची यादी प्रत्येकाच्या डीकॉन्फ या सेटिंग्जच्या खासगी नोंदवहीत असते. ॲडमिनला 'ईटीसी' शाखेतल्या डीकॉन्फमध्ये सर्वांसाठी मूळ यादी लिहिता येते, आणि नव्या खात्यांवर ती लागूही होते. जुन्या खात्यांपाशी मात्र गाडी अडते. डीकॉन्फच्या दृष्टीने पूर्ण यादी ही एकच किंमत आहे. एखाद्याने पूर्वी एकदा जरी कुठले एक्स्टेन्शन चालू-बंद केले असेल, तर त्याची स्वतःची यादी तयार झालेली असते आणि ती ॲडमिनच्या यादीला पूर्ण झाकून टाकते. दोन याद्यांची बेरीज होत नाही. त्यामुळे एकाच यंत्रावर तीन जणांना एक्स्टेन्शन दिसते, दोघांना दिसत नाही, आणि वरकरणी त्या दोघांत काहीच वेगळे आढळत नाही. वेगळा असतो त्यांच्या खात्याचा भूतकाळ.

खासगी प्रत आधी या नियमाचा फटकाही असाच भूतकाळातून येतो. सप्टेंबर 2023मध्ये आलेल्या ग्नोम 45ने एक्स्टेन्शनच्या कोडची जोडणीच बदलली. जुन्या पद्धतीने लिहिलेली एक्स्टेन्शन्स नव्यावर चालेनात आणि नवी जुन्यावर चालेनात. ॲडमिनने सर्वांसाठी नवी प्रत बसवली, पण एखाद्याच्या होममध्ये त्याच ओळखनामाची जुनी प्रत पडून असेल, तर शेल तीच उचलते आणि सामायिक प्रत बाजूला ठेवते. त्या एकट्याच्या पडद्यावर 'ही आवृत्ती चालत नाही' असा संदेश येतो, बाकीचे सुखात असतात. इथे नवी प्रत पुन्हा पुन्हा बसवण्याने काहीही साधत नाही. होममधली जुनी प्रत काढावी लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घरोघरी आज एका संगणकावर एकच माणूस असतो. त्याने साठ वर्षांपूर्वीच्या सामायिक यंत्रांचे ओझे का वाहावे? पण एका माणसाच्या यंत्रावरही खाते एकच नसते. लॉगिनचा पडदा जीडीएम हा प्रोग्राम दाखवतो आणि तो स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालतो. आपण चालू केलेले एक्स्टेन्शन पासवर्ड टाकण्याच्या त्या पडद्यावर येत नाही, आणि म्हणूनच परक्या कोडला तिथे आपला पासवर्ड टिपता येत नाही. दोघे एक संगणक वापरतात अशा घरात तर नियमाची गरज आणखी स्पष्ट दिसते. कळफलकांची यादीही याच डीकॉन्फमध्ये, खातेनिहाय असते. एक जण मराठी इनस्क्रिप्टवर लिहितो, दुसरा इंग्रजीवर. त्या याद्या एकत्र केल्या तर दुसऱ्याच्या बोटांखाली अचानक देवनागरी अक्षरे उमटू लागतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोजचे अनेक इन्स्टॉलर 'सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी' असे सुरुवातीलाच विचारतात; ग्नोमने एवढे का विचारू नये? हे मला मान्य आहे. सामायिक पत्त्यावर बसवण्यासाठी साधी, अधिकृत आज्ञा नसणे ही ग्नोमची खरी उणीव आहे आणि ती इतिहासाच्या नावाखाली झाकू नये. मात्र असे बटण आले तरी त्याने वस्तू सर्वांच्या हाताशी ठेवावी, सर्वांच्या सत्रात परस्पर चालू करू नये. डीकॉन्फला कुलूप लावून सक्तीने चालू करता येते, पण कुलूप पूर्ण यादीलाच लागते, आणि मग विद्यार्थ्याला स्वतःच्या गरजेचे एखादे एक्स्टेन्शनही चालू करता येत नाही. कमी दिसणाऱ्याला अक्षरे किंवा पॉइंटर मोठा करणारे साधन हवे असेल, तर ही किंमत फार मोठी आहे. उबुंटूने 2017च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा ग्नोम स्वीकारले, तेव्हा आपली डाव्या कडेची पट्टी सर्वांना दाखवण्यासाठी वेगळी वाट धरली. ती पट्टीही एक एक्स्टेन्शनच आहे, पण तिचे नाव कोणाच्या खासगी यादीत न घालता उबुंटूच्या सत्राच्या व्याख्येत घातलेले आहे. त्यामुळे ती सर्वांना मिळते आणि कोणाची यादी झाकली जात नाही. प्रयोगशाळेसाठी एखादे साधन खरोखर अनिवार्य असेल, तर कुलपापेक्षा हा मार्ग मी पसंत करेन.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. एक्स्टेन्शन सामायिक पत्त्यावर बसवल्यावर ते स्वतःच्या खात्यातून तपासू नका, कारण तुमच्या होममध्ये तुमच्याच जुन्या प्रयोगांचे अवशेष असतात. नवे, कोरे खाते काढून त्यातून लॉगिन करा. तिथे एक्स्टेन्शन चालू झालेले दिसले, तर सामायिक भाग ठीक आहे आणि दोष ज्या खात्यात तक्रार आहे त्याच्या होममध्ये शोधावा. तिथेही दिसले नाही, तर विद्यार्थ्यांच्या सेटिंग्जना हात न लावता फोल्डरचे नाव, परवानग्या, ग्नोमची आवृत्ती आणि सर्वांसाठीची यादी पुन्हा पाहा.