मेल्यावर हवा कोण ओढतं?

आमच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक पाल राहते. सौ.ला ती नको असते. मी मात्र संध्याकाळी खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत असतो. तिला पाहिले की मला १९७८ सालचा सातवीचा वर्ग आठवतो.

मी खरा मराठीचा शिक्षक. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. पाल भिंतीवर कशी चालते? मी मार्गदर्शिकेतले वाचून दाखवले: तळपायाखालची हवा निघून जाते, पोकळी होते, पाय चिकटतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, आमच्या गोठ्यात मेलेली पाल सकाळपर्यंत भिंतीलाच होती. मेल्यावर हवा कोण ओढतं?" वर्ग हसला. मी त्याला तासभर उभे केले.

खरे तर प्रश्न फार जुना. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सुतारपक्ष्याबद्दल लिहिताना, तो पालीसारखा डोके खाली करूनही झाडावर चालतो, असे नोंदले आहे. कसे, ते कळायला दोन हजारांहून अधिक वर्षे गेली. कुणी म्हणे पोकळी, कुणी म्हणे डिंक (पण पालीच्या पायाला डिंक पाझरणाऱ्या ग्रंथीच नाहीत!), कुणी म्हणे स्थिर विद्युत. १९३४ साली डेलिट या जर्मन संशोधकाने निर्वात जागेत प्रयोग केले, तरी पायाची पकड टिकली. क्ष-किरण सोडून विद्युतभाराचा परिणाम घालवला, तरी पाल चिकटलेलीच. म्हणजे मी वर्गात जे ठासून सांगत होतो ते चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाले होते.

१९६५ साली रुइबल आणि अर्न्स्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तळवा पाहिला. ईशान्य भारतातही आढळणाऱ्या टोके या मोठ्या पालीच्या एकेका पायावर सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे. फाट्याचे टोक इतके बारीक की ते भिंतीच्या अगदी रेणूंजवळ पोचते. तिथे काम करते ते रेणूंमधले क्षीण आकर्षण. ज्या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते, त्या व्हॅन डर वाल्सना १९१० साली नोबेल मिळाले होते. पालीचा आणि त्याचा संबंध केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ सालच्या प्रयोगांतून दाखवला. एकेक ओढ नगण्य, पण कोट्यवधी एकदम! पाय सोडवायला ती बोटे टोकाकडून वर वळवते, पाकिटावरचे तिकीट सोलावे तशी.

आणि २०१४ साली कॅलिफोर्नियात मेलेल्या टोके पालींवर प्रयोग झाला. मेल्यानंतरही पायाची पकड जिवंतपणी होती तेवढीच भरली.

ते वाचले तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. त्या मुलाचे आडनाव आठवते, नाव आठवत नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली, गुरे होती घरची.