वैमानिक ते रुग्णसेवक : लिओनार्ड चेशायर

सेवाकार्याचा आरंभ नेमका कोठून होतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. जागा, निधी, नियमावली आणि मान्यवरांचे पाठबळ या सर्वांची जुळवाजुळव झाल्यावरच सेवा उभी राहते, असा सर्वसाधारण समज आहे. दुसऱ्या महायुद्धातील एका वैमानिकाचे चरित्र या समजाला छेद देते. त्या युद्धाच्या काळात आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा उपयोग ब्रिटिशांचे हवाई दल करीत असे. त्याच दलातर्फे युरोपच्या आघाडीवर लढलेल्या या अधिकाऱ्याने पुढे असाध्य रुग्णांसाठी भारतातील आपले पहिले आश्रयस्थान महाराष्ट्रातच, मुंबईच्या अंधेरी उपनगरात उघडले. त्यांचे नाव ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर.

चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. करार कायद्यावरील 'चेशायर आणि फिफूट' या ग्रंथाचे नाव आपल्याकडील कायदा व वाणिज्य शाखेच्या अनेकांना परिचित असेल. त्यातील चेशायर म्हणजे लिओनार्ड यांचे वडील. मुलानेही ऑक्सफर्डला कायद्याचेच शिक्षण घेतले. परंतु शिक्षण संपते न संपते तोच युद्ध पेटले आणि वकिलीऐवजी बॉम्बफेकी विमानाचे सुकाणू त्यांच्या हाती आले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते त्या हवाई दलातील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले. या पदावर राहून सुरक्षित कामकाज पाहणे शक्य होते. तथापि प्रत्यक्ष उड्डाण करता यावे म्हणून १९४३ साली त्यांनी एक पायरी खालचे पद पत्करले आणि प्रसिद्ध ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व स्वीकारले.

फेब्रुवारी १९४४ मधील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. फ्रान्समधील लिमोज या शहरात विमानांची इंजिने बनविणारा कारखाना जर्मनांच्या ताब्यात होता. तो उद्ध्वस्त करण्याची आज्ञा होती. परंतु रात्रपाळीला तेथे फ्रेंच कामगार, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, काम करीत असत. चेशायर यांनी शत्रूच्या गोळीबाराची पर्वा न करता आपले विमान छपरालगत खाली आणून कारखान्यावरून पुन्हा पुन्हा फिरविले. हा इशारा ओळखून कामगार बाहेर पडले आणि त्यानंतरच बॉम्ब टाकण्यात आले. त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. हा सन्मान बहुधा एखाद्या विशिष्ट पराक्रमासाठी दिला जातो; चेशायर यांना मात्र तो चार वर्षांच्या आणि शंभर मोहिमांच्या अखंड धैर्यासाठी देण्यात आला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते दुसऱ्या एका विमानात होते. तो महाभयंकर धुराचा लोळ त्यांनी दुरून पाहिला. या दर्शनाने त्यांचे मतपरिवर्तन होऊन ते अहिंसावादी झाले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्या बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले व अधिक प्राणहानी टळली, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. अहिंसेला सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या वाचकास हे पटणार नाही आणि ते पटवून घेण्याची आवश्यकताही नाही. मात्र एवढा संहार पाहिल्यानंतर उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४६ साली त्यांनी हवाई दल सोडले. निवृत्त सैनिकांनी एकत्र राहून एकमेकांच्या आधाराने जगावे, अशी एक वसाहत त्यांनी उभारली. परंतु ती मोडली. पदरी कर्ज आणि हॅम्पशायर परगण्यातील 'ल कोर्ट' नावाचे एक मोठे रिकामे घर तेवढे उरले. १९४८ मध्ये एका रुग्णालयाकडून त्यांना निरोप आला. पूर्वी त्या वसाहतीत राहिलेले आर्थर डाइक्स कर्करोगाने मरणपंथाला लागले होते. रुग्णालयाला करण्यासारखे काही उरले नव्हते आणि त्यांना ठेवून घेण्यास कोणी तयार नव्हते. चेशायर यांनी त्यांना आपल्या घरी आणले. हाताशी परिचारिका नव्हती की पैसा नव्हता. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, औषध-पाणी देणे ही सर्व कामे या नामांकित सेनाधिकाऱ्याने स्वतः केली. ऑगस्टमध्ये डाइक्स यांचे निधन झाले. पण तोवर दुसऱ्या निराधार रुग्णासाठी विचारणा झाली होती. मग तिसरा आला, चौथा आला. अशा रीतीने पहिले 'चेशायर होम' जन्मास आले. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता की कोनशिला बसविली नव्हती.

विदर्भवासीयांना येथे बाबा आमटे यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेही कायद्याचेच पदवीधर. त्यांचे शिक्षण आपल्या नागपुरात झाले आणि वरोऱ्याला त्यांची वकिली उत्तम चालत होती. रस्त्याच्या कडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते प्रथम भयाने दूर झाले. मग त्या भयाचीच लाज वाटून परतले व त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि आनंदवन उभे राहिले. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या या दोन पुरुषांच्या कार्याचे मूळ एकेका रुग्णात आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढे चेशायर स्वतःच क्षयाने आजारी पडले व १९५२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात राहिले. बरे होताच ते भारतात आले. १९५६ साली अंधेरीचे चेशायर होम सुरू झाले. एप्रिल १९५९ मध्ये मुंबईतच त्यांचा विवाह स्यू रायडर यांच्याशी झाला. त्याही युद्धोत्तर युरोपातील निराश्रितांची सेवा करीत होत्या. या दांपत्याने देहरादून येथे 'राफेल' हे केंद्र स्थापून कुष्ठरोगी, क्षयरोगी व अपंगांना आश्रय दिला. प्रत्येक होमचा कारभार तेथील स्थानिक नागरिकांच्या समितीनेच पाहावा, असा चेशायर यांचा कटाक्ष होता. म्हणूनच भारतात आणि अन्य देशांत ही होम्स रुजली.

अर्थात या कार्यालाही टीका ऐकावी लागली. ल कोर्टमध्येच राहणाऱ्या पॉल हंट यांच्यासारख्या अपंग रहिवाशांनी, आपण केव्हा उठावे व केव्हा झोपावे हेही दुसऱ्यांनी का ठरवावे, असा प्रश्न उपस्थित केला. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठे बळ मिळाले. सेवा घेणाऱ्याच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे, हा धडा प्रत्येक सेवाभावी संस्थेने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३१ जुलै १९९२ रोजी चेशायर यांचे निधन झाले. रुग्णाच्या शुश्रूषेला, म्हणजेच वैयावृत्त्याला, आपल्या परंपरेने अंतरंग तपांत स्थान दिले आहे. हे तप दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. व्यापाराला आधी भांडवल लागते. चेशायर यांच्या कार्याला मात्र आधी लागला तो एक रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसणारा एक माणूस. निधी, समित्या आणि इमारती मागाहून आल्या. संस्था कितीही मोठी झाली तरी तिच्या विश्वस्तांनी अधूनमधून रुग्णाच्या उशाशी जाऊन बसावे, हेच या वैमानिकाच्या चरित्राचे सांगणे आहे.