आठ उड्डाणांचा तळ

नाशिकहून उपग्रह का सोडत नाहीत? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे पूर्वेला सोडलेल्या अग्निबाणाला थोडा वेग फुकट मिळतो: नाशिकला सेकंदाला सुमारे ४३७ मीटर, आंध्रातल्या श्रीहरिकोट्याला सुमारे ४५२ मीटर. कक्षेत जायला सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर वेग लागतो, म्हणजे हा फरक किरकोळच. खरी अडचण वेगळी आहे. नाशिकहून सोडलेल्या अग्निबाणाचे जळून गेलेले टप्पे मराठवाडा-विदर्भातल्या गावांवर पडतील. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मात्र समुद्र आहे. म्हणून १९६९ मध्ये ते बेट निवडले गेले.

तिथल्या एसएलव्ही तळावरून आठ उड्डाणे झाली. पहिला अग्निबाण एसएलव्ही-३ हा २२ मीटर उंच, १७ टन वजनाचा. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. हे इंधन देशात तयार करण्यात वसंत गोवारीकरांचा मोठा वाटा होता.

१० ऑगस्ट १९७९ रोजी तो प्रथम उडाला. पहिला टप्पा ठीक जळला. पण दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतले नायट्रिक आम्ल झडपेतून गळून गेले होते. ३१७ सेकंदांत सारे समुद्रात! कारण शोधले, दुरुस्ती केली आणि १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. १९८१ मध्ये कक्षा फार खाली राहिली. १९८३ चे उड्डाण साधले.

मग कडेला दोन जादा अग्निबाण जोडून एएसएलव्ही केला. १९८७ मध्ये ते दोन जळून संपले, पण मधला टप्पा पेटलाच नाही. १९८८ मध्ये अग्निबाणावरचे नियंत्रण सुटले. १९९२ मध्ये पुन्हा कक्षा खाली राहिली. ४ मे १९९४ रोजी मात्र सारे जमले आणि तेच या तळावरचे शेवटचे उपग्रह-उड्डाण ठरले. पुढच्या मोठ्या पीएसएलव्हीसाठी वेगळा तळ होता.

हिशेब मांडू: तीन समुद्रात, दोन अर्धवट, तीन यशस्वी. आपण मुलांना १९८० एवढेच साल पाठ करायला लावतो. पण आम्हा संशोधकांना त्या तळाने शिकवले ते बाकीच्या सालांतही आहे. वर्गातला प्रयोग फसला की मुले आकडा खोडून पुस्तकातला लिहितात. तो खोडू देऊ नका. का फसला, एवढेच विचारा.